आल्प्समध्ये भाड्याची रोड बाइक आणि घाटांचे रूट: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्याच्या डोक्यात कधी ना कधी आल्प्स येतोच. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर "आपल्यालाही जमेल की" हे वाक्य इथे सर्रास ऐकू येतं. जानेवारी उजाडला की मेसेज सुरू होतात आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: चढ ही आपल्या लोकांची अडचण नसते. घोळ होतो तो तारखा, गिअर आणि उतार यांत.

१. स्वतःची सायकल न्यावी की तिथेच भाड्याने घ्यावी?

दहा-बारा दिवसांची सहल असेल आणि मुक्काम एक-दोन गावांतच असेल, तर भाड्याने घ्या. सायकल न्यायची म्हणजे आधी खोका किंवा बॅग, मग नाशिक ते मुंबई विमानतळ गाडीची मागची सीट पाडून प्रवास, विमानाचं जातानाचं आणि येतानाचं जादा भाडं, तिकडच्या रेल्वेत तो खोका चढवणं-उतरवणं, आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत डिरेलर (गिअर बदलणारी मागची यंत्रणा) सरळ करत बसणं. आल्प्समधल्या सायकलिंगच्या गावांत चांगल्या कार्बन रोड बाइक सहज मिळतात, आणि त्यांचे गिअर त्या घाटांना साजेसे असतात. आपल्या सायकलीचे बहुधा नसतात (प्रश्न ६).

स्वतःची न्यावी ती दोनच कारणांसाठी: पाठ किंवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे तुमचं फिटिंग फार नाजूक असेल, किंवा रोज पुढच्या गावी जात एका देशातून दुसऱ्या देशात उतरायचं असेल (प्रश्न १९).

२. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

घाटांसाठी गेलात तर हिरमोड होईल. दोन हजार मीटरच्या वरचे बहुतेक घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. गालिबिए (२,६४२ मीटर) आणि इझेराँ (२,७६४ मीटर) साधारण जूनमध्ये उघडतात, स्तेल्व्हिओ (२,७५७ मीटर) मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला. बर्फ जास्त पडला असेल तर आणखी उशीर. मेमध्येच जायचं असेल तर तळ्याकाठचे आणि नदीखोऱ्यातले रूट घ्या (प्रश्न १७).

आमची पसंती ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. गर्दी ओसरलेली असते, दुकानांत सायकली मोकळ्या असतात, दुपारची वादळं जुलैपेक्षा कमी. अडचण एवढीच की नेमके तेव्हाच इकडे गणपती असतात. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. जूनचा शेवटही चांगला, दिवस मोठे असतात आणि नाशिकला पावसाने सायकलिंग थंडावलेलंच असतं.

३. पहिल्यांदाच जातोय. मुक्काम नेमका कुठे करू?

आधी गाव ठरवा, मग दुकान, आणि रूट सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात: यादीत दहा प्रसिद्ध घाट लिहितात आणि मग त्यांना जोडत चार हॉटेलं बदलतात. त्यात अर्धे दिवस सामान वाहण्यातच जातात.

फ्रान्समध्ये ल बूर्ग द्वाझाँ. गाव साधारण ७२० मीटरवर आहे आणि आल्प दुएझचा चढ गावाबाहेरच सुरू होतो. एका दिशेला लोतारे घाट आणि त्यावरून गालिबिए, दुसरीकडे ग्लांदाँ (१,९२४ मीटर) आणि क्रुआ द फेर (२,०६७ मीटर). सायकलवाल्यांचंच गाव आहे म्हणा ना, दुकानांची वानवा नाही.

इटलीत बोर्मिओ. स्तेल्व्हिओ, गाव्हिया आणि मोर्तिरोलो तिन्ही इथून एकेका दिवसात होतात, आणि पाय दुखत असतील त्या दिवशी कांकानोच्या तलावांकडे जाणारा वळणावळणांचा सौम्य चढ आहे. डोलोमाइटचे डोंगर पाहायचे तर कोर्व्हारा. तिथे सेला पर्वतसमूहाभोवती कांपोलोंगो, पोर्दोई, सेला आणि गार्देना असे चार घाट जोडणारी साधारण ५५ किलोमीटरची फेरी होते. प्रदक्षिणाच ती.

स्वित्झर्लंडमध्ये आंदरमाट. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन, गोटहार्ड, ओबरआल्प सगळे हाताशी. देखणं आहे, पण खिसा सांभाळा. पहिल्या खेपेला आम्ही बूर्ग द्वाझाँ किंवा बोर्मिओ सुचवतो.

४. भाडं किती पडतं? बुकिंग कधी करायचं?

अॅल्युमिनियमची साधी रोड बाइक दिवसाला साधारण ३० ते ४० युरो, डिस्क ब्रेकची कार्बन साधारण ४० ते ८० युरो. इलेक्ट्रॉनिक गिअर किंवा वरचं मॉडेल त्याहून महाग. आठवड्यासाठी घेतली की रोजचा दर बराच खाली येतो. स्वित्झर्लंडमध्ये भाडं फ्रँकमध्ये आणि जास्त.

जुलै-ऑगस्टसाठी दोन-तीन महिने आधी बुक करा. फार लहान किंवा फार मोठी फ्रेम हवी असेल तर त्याहूनही आधी, कारण दुकानात त्या मापाच्या एक-दोनच सायकली असतात. फ्रान्स-इटलीतल्या लहान गावांत दुकानं दुपारी दोन तास बंद असतात आणि काही रविवारीही. रविवारी दुपारी पोहोचत असाल तर आधी ईमेल टाकून विचारा.

५. साइझ कशी सांगायची? माझी उंची पाच फूट एक इंच आहे, मिळेल का सायकल?

मिळेल, पण "स्मॉल द्या" एवढ्यावर भागवू नका. एका कंपनीचं स्मॉल दुसरीच्या मीडियमएवढं असतं. उंची सेंटीमीटरमध्ये लिहा (तुमची १५५) आणि सोबत आपल्या सायकलीची दोन मापं कळवा: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, आणि सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं. टेपने पाच मिनिटांत होतं. ही दोन मापं असली की दुकानदार तुम्ही पोहोचण्याआधी सायकल लावून ठेवतो.

तुमच्या उंचीला साधारण ४४ ते ४८ ची फ्रेम लागेल. "एक नंबर मोठी आहे, चालेल का?" असं उत्तर आलं तर नाही म्हणा आणि दुसरं दुकान बघा. लांब उतारावर हात ब्रेकपर्यंत नीट पोहोचले नाहीत तर मजा राहत नाही. लहान हातांसाठी ब्रेकचा लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो, तेही सांगून करून घ्या.

६. दुकानदार विचारतोय "कुठला गिअर हवा". काय सांगू?

पुढे ५०/३४ दात्यांचे चेनरिंग (पेडलजवळच्या चकत्या) आणि मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच). हे लिहून पाठवा आणि लाजू नका.

आपल्याकडे मागे २८ किंवा ३० दाती कॅसेटवर घाट काढणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचा थोडा तोराही असतो. पण आपला घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतो. तिथे तोच चढ दीड-दोन तास सोडत नाही. हिशेबच करून बघा: पुढे ३४, मागे ३४ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाची एक फेरी, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. आठ टक्के चढावर स्वार आणि सायकल मिळून ८० किलो असतील तर त्याला साधारण १४५ वॅट लागतात, जे नियमित चालवणाऱ्याला तासभराहून जास्त झेपतं. तेच पुढे ३६ आणि मागे २५ असेल तर त्याच ६० फेऱ्यांना वेग अकराच्या घरात जातो आणि दोनशेहून अधिक वॅट मोजावे लागतात. नाही जमले की फेरे पन्नास-चाळीसवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात.

मोर्तिरोलोसारख्या घाटाचे काही टप्पे याहून फार खडे आहेत. तो यादीत असेल तर मागे ३६ मिळतेय का ते विचारा.

७. इथून काय काय न्यायचं?

हेल्मेट, आपले सायकलिंगचे बूट आणि आपली पेडल. क्लीटचे (बुटाच्या तळाला बसवून पेडलला अडकवायच्या तुकड्याचे) प्रकार एकमेकांत बसत नाहीत. भाड्याच्या सायकलीवर बहुतेकदा साधी पेडल असतात किंवा पेडल नसतातच. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. आपली सीट नेणारेही असतात, पार्श्वभागाला सवय असेल तर जरूर न्या.

याशिवाय विंडचीटर, आर्म वॉर्मर, पूर्ण बोटांचे हातमोजे, पुढचा-मागचा लाइट, सायकल कॉम्प्युटर. हवेच्या गॅसच्या नळकांड्या विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका, हातपंप बरा. ट्यूब, लिव्हर आणि पंपाची छोटी पिशवी बरीच दुकानं सायकलीसोबत देतात, मात्र बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर खाकरा, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू उत्तम. पेढे, खवा, तूप, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणण्यावर बंदी आहे.

८. सायकल ताब्यात घेताना काय बघायचं?

पहिलं काम ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडमध्ये डाव्या हाताला पुढचा आणि उजव्या हाताला मागचा. सायकल उभी ठेवून डावा लिव्हर दाबा, पुढे ढकला आणि कुठलं चाक अडतंय ते बघा. घाबरून जोरात दाबला जाणारा हात उजवा असतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदू त्याला पुढचा समजून वागतो. हायड्रॉलिक डिस्कमध्ये बाजू बदलणं वेळखाऊ असतं, म्हणून बदलून हवे असतील तर बुकिंग करतानाच कळवा. दुकानाने नाही म्हटलं तर पहिला दिवस सपाटीवर घालवा, थेट घाटात जाऊ नका.

मग ब्रेक पॅड किती उरलेत ते पाहा. टायरवर बोट फिरवून चिरा शोधा. मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा वर, एकदा खाली टाका. सगळ्यात मोठ्या दातीवर गेल्यावर डिरेलर आऱ्यांना लागत नाही ना, हे वाकून बघाच. भाड्याची सायकल कुणीतरी उजव्या अंगावर पाडलेली असू शकते, मग हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) वाकलेला असतो, आणि तो दगा देतो ऐन चढावर. टायर ट्यूबलेस आहेत का तेही विचारा. रिम खोल असेल तर सोबतच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह तेवढा लांब हवा. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर चार्जर मागून घ्या.

शेवटी दुकानदारासमोर सायकलीभोवती मोबाइल फिरवून व्हिडिओ काढा. ओरखडे त्यात येतात आणि परत देताना वाद होत नाही.

९. डिपॉझिट किती? पासपोर्ट ठेवून घेतात का?

रक्कम सायकलीच्या किमतीवर असते आणि ती बहुतेकदा क्रेडिट कार्डावर ब्लॉक होते. फॉरेक्स प्रीपेड कार्ड यासाठी बऱ्याच ठिकाणी चालत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं आणि पुरेशी मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड न्या. मूळ पासपोर्ट देऊ नका. छायाप्रत द्या.

मोडतोडीचा आणि चोरीचा विमा दुकान वेगळे पैसे घेऊन देतं. घ्याच, पण कागद वाचा. चोरीचा विमा बहुधा सायकल कुलूप लावून ठेवली असेल तरच लागू होतो. कॉफी प्यायला बसलात आणि सायकल भिंतीला नुसती टेकवली, तर तो विमा गेला.

१०. रूट शोधायचा कसा? कोणतं अॅप चांगलं?

एकावर विसंबू नका. कोमूट किंवा राइड विथ जीपीएसवर रूट आखा आणि स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर (कुठून किती सायकली गेल्या ते दाखवणारा नकाशा) ताडून बघा. रेषा ठळक असेल तर तिथून सायकलवाले खरोखर जातात. कोमूटमध्ये रस्त्याचा पृष्ठभाग किती डांबरी, किती खडीचा याचा हिशेब दिसतो, तो न बघता रूट डाउनलोड करू नका. प्रकार "रोड सायकलिंग" निवडलाय ना, तेही पाहा. नुसतं "सायकलिंग" निवडलं तर अॅप तुम्हाला खुशाल गायरानातून पाठवतं.

तरीही अॅपला न कळणाऱ्या गोष्टी आहेत. आल्प दुएझवरून सारेन घाटाकडे (१,९९९ मीटर) उतरून गोल पूर्ण होतो. नकाशावर फार सुरेख दिसतो. पण सारेनचा उतार अरुंद आणि उखडलेला आहे. कोरड्या दिवशी सावकाश जमेल, ओल्यात त्या वाटेला जाऊ नये. गोटहार्डला उलट प्रकार: अॅप कधी गाड्यांच्या नव्या रस्त्याने नेतं, तर बघण्यासारखा आहे तो आइरोलो गावाच्या बाजूचा त्रेमोला, दगडी फरसबंदीचा जुना रस्ता. तो चढायला घ्यावा. उतरताना दात खिळखिळे होतात.

कागदी नकाशा अजूनही कामाचा. मिशेलिनच्या नकाशावर मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे आणि लहान पांढरे. सायकलला पिवळे आणि पांढरे हवेत. रस्त्यावर छोटे बाण असतात: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. कडेला हिरवी रेघ असेल तर रस्ता देखणा.

फ्रान्सच्या प्रसिद्ध घाटांत दर किलोमीटरला खास सायकलवाल्यांसाठी पाटी असते: माथा किती दूर, उंची किती आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती. सप्तशृंगी गडावर चढणाऱ्या आपल्या नांदुरीच्या घाटात अशा पाट्या लागल्या तर काय बहार येईल! स्वित्झर्लंडमध्ये सायकल मार्गांच्या लाल पाट्यांवर क्रमांक असतो. एक आकडा म्हणजे राष्ट्रीय मार्ग, दोन म्हणजे प्रादेशिक, तीन म्हणजे स्थानिक. पिवळ्या पाट्या पायी चालणाऱ्यांच्या, त्यांच्या मागे जाऊ नका.

११. गुगल मॅप पुरत नाही का?

दुकान, हॉटेल, बेकरी शोधायला पुरतो. घाटाच्या रूटसाठी नाही. चढाचा तपशील तोकडा, आणि जवळची म्हणून दाखवलेली वाट कधी कच्ची निघते. दऱ्यांत नेटवर्क जातं, म्हणून कुठलंही अॅप वापरा, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

१२. चुकून हायवेवर शिरलो तर? ओळखायचं कसं?

सायकलला मोटारवेवर सक्त मनाई आहे. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने चालवायची आपली सवय तिथे विसरा. गंमत अशी की पाट्यांचे रंग देशागणिक बदलतात. फ्रान्समध्ये मोटारवेची पाटी निळी आणि इतर मोठ्या रस्त्यांची हिरवी. इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये मोटारवे हिरवा आणि साधा मुख्य रस्ता निळा. म्हणजे फ्रान्समधून इटलीत गेलात की ज्या रंगापासून पळत होतात तोच बरोबर निघतो. रंग विसरलात तरी लाल कडेच्या गोल पाटीत सायकलचं चित्र दिसलं की मागे फिरा.

१३. घाट उघडा आहे की बंद, कसं कळणार?

पायथ्याच्या गावात घाटाच्या नावाची पाटी असते, त्यावर उघडा किंवा बंद लिहिलेलं असतं. फ्रेंचमध्ये "उव्हेर" म्हणजे उघडा, "फेर्मे" म्हणजे बंद. इटालियनमध्ये "आपेर्तो" आणि "क्यूझो". आदल्या रात्री त्या भागाच्या रस्ते विभागाचं किंवा पर्यटन कार्यालयाचं संकेतस्थळ बघा.

बंदचा दुसरा प्रकार आपल्या फायद्याचा. काही ठरावीक दिवशी घाट मोटारींना बंद आणि फक्त सायकलींना खुले असतात. सेलारोंडा (प्रश्न ३ मधली सेलाभोवतीची फेरी) बाइक डे आणि स्तेल्व्हिओ बाइक डे हे त्यातले नावाजलेले. तारखा जुळत असतील तर सोडू नका.

१४. कसारा आणि सप्तशृंगीचा घाट आरामात चढतो. आल्प दुएझ जमेल?

जमेल. गिअर बरोबर असेल (प्रश्न ६) आणि सुरुवातीला हुरळून गेला नाहीत तर. आल्प दुएझ १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, चढाई सुमारे ११०० मीटर, २१ क्रमांकित वळणं. आकडे वरून खाली येतात, म्हणजे पहिलं वळण लागतं त्यावर २१ लिहिलेलं असतं. सगळ्यात खडे टप्पे पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच आहेत, आणि ताज्या दमाचे नाशिककर तिथेच जीव काढतात. वळणावर चढ जरा सपाट होतो, तिथे श्वास घ्या. ताशी साडेसातने गेलात तर पावणेदोन तासांच्या आसपास लागतील, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तयारीसाठी नांदुरी ते गड हा चढ एका सकाळी दोनदा किंवा तीनदा करा. कसाऱ्यात ट्रकची वर्दळ फार, तिथे सराव म्हणून फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. पेठ रस्त्यावरचा सावळघाट पहाटे बरा. एक गोष्ट मात्र इथे सरावाने मिळत नाही, ती उंची. कळसूबाईचा माथाच १,६४६ मीटर. गालिबिए त्याच्या हजार मीटर वर आहे आणि तिथे दम लवकर लागतो. म्हणून मोठे घाट तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा. ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) केलेल्यांना, पंढरपूरची सायकलवारी केलेल्यांना दिवसभर सीटवर बसायची सवय असते, ती तिथे फार कामाला येते.

१५. उताराची एवढी भीती का घालता?

कारण आपल्याकडे वीस-पंचवीस किलोमीटर सलग उतारच नाही. बोर्मिओच्या बाजूने स्तेल्व्हिओचा उतार २१.५ किलोमीटर आहे, प्रातोच्या बाजूने २४ च्या पुढे आणि त्यात ४८ वळणं.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा, वळणात सोडा. सतत दाबून ठेवले की पॅड आणि रिम तापतात. रिम ब्रेकच्या कार्बन चाकांना तर ते घातकच, म्हणून डिस्कची सायकल मागा. हात हँडलच्या खालच्या भागात ठेवा, वरून ब्रेक मारत बोटं लवकर थकतात. नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर.

रस्त्याची बाजू उजवी आहे हे चढताना आठवतं, माथ्यावर फोटो काढून परत निघताना विसरतं. थांबून पुन्हा निघाल की मोठ्याने "उजवी" म्हणा. चौकातला गोलही उलट्या दिशेने फिरायचा.

आणि थंडी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. बूर्ग द्वाझाँत २८ अंश असेल तेव्हा गालिबिएवर सोळाच्या आसपास असतं. वर घामाने भिजलेली जर्सी आणि ताशी पन्नासचा वारा! माथ्यावर पोहोचताच, फोटोच्याही आधी, विंडचीटर चढवा. आभाळ दुपारनंतर फुटतं, तेव्हा सकाळी सातला निघा आणि दुपारी दोनपर्यंत खाली या. सकाळी मोटारसायकलवाल्यांची गर्दीही नसते.

१६. बोगदे, लाइट, हेल्मेट यांचे नियम काय?

हेल्मेट मोठ्या माणसांना फ्रान्स-इटलीत सक्तीचं नसलं तरी आमच्या लेखी सक्तीचंच. बूर्ग द्वाझाँहून लोतारेकडे जाताना बोगदे लागतात, तिथे पुढचा-मागचा लाइट हवाच. इटलीत बोगद्यात सायकलस्वाराला चमकणारं जॅकेट घालणं बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये गावाबाहेर रात्री किंवा धूसर हवेत ते लागतं. फ्रान्समध्ये सायकल चालवताना कानात इअरफोन घालायलाही बंदी आहे. गालिबिएच्या माथ्याखालचा बोगदा गाड्यांसाठी आहे, सायकलने वरचा शेवटचा टप्पा चढूनच जायचं.

स्वित्झर्लंडच्या घाटात पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न वाजवत येते. ऐकू आला की कडेला व्हा, अरुंद वळणावर तिला पूर्ण रस्ता लागतो.

१७. बायको सायकल चालवते, पण घाट नको म्हणते. तिने काय करायचं?

तिलाच विचारा, पण पर्याय भरपूर आहेत. आनसीच्या तळ्याभोवतीची फेरी साधारण ४० किलोमीटर आणि बरीचशी वेगळ्या सायकल मार्गावरून. इटलीतल्या दोब्बियाकोहून ऑस्ट्रियातल्या लिएंत्सला जाणारा द्रावा नदीकाठचा मार्ग जवळपास सगळा उताराचा, परत रेल्वेने यायचं. आदिजेच्या खोऱ्यातला मार्ग सफरचंदांच्या बागांतून जातो.

दुसरा पर्याय ई-बाइक. ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी साधी ई-बाइक कुणालाही भाड्याने मिळते आणि ती घेऊन बायको तुमच्याआधी माथ्यावर पोहोचेल, मनाची तयारी ठेवा. ताशी ४५ पर्यंत जाणारा प्रकार मात्र वेगळा, त्याला नंबरप्लेट आणि परवाना लागतो, तो घेऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये ई-बाइकचा लाइट दिवसाही सुरू ठेवावा लागतो.

१८. वाटेत पाणी आणि खाणं मिळतं का?

पाणी फुकट आणि उत्तम. गावोगावी चौकात दगडी कुंड असतं, त्यात झऱ्याचं पाणी पडत असतं. पाटी वाचा: फ्रेंचमध्ये "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याचं, "नाँ पोताब्ल" म्हणजे नाही. जर्मनमध्ये "ट्रिंकवासर" आणि "काइन ट्रिंकवासर". पाटी नसेल तर बाटली भरण्याआधी कुणाला तरी विचारा. माथ्यावर बहुतेक ठिकाणी कॅफे असतं, पण सीझनबाहेर बंद. खिशात चिक्की असू द्या. शाकाहाऱ्यांनी "चीज घालून काहीही" यावर दिवस काढायची तयारी ठेवावी.

१९. एका गावात सायकल घेऊन दुसऱ्या गावात परत करता येते का? आणि सीमा ओलांडली तर?

परत बहुधा त्याच दुकानात करावी लागते. काही साखळी दुकानं आणि टूरवाले दुसरीकडे घेतात, पण त्याचे पैसे वेगळे. म्हणूनच गोल रूट आखा, किंवा एका बाजूने रेल्वे वापरा (प्रश्न २०).

सीमेवर तुम्हाला कुणी सहसा अडवणार नाही. अडचण विम्याची असते. बोर्मिओहून स्तेल्व्हिओ चढून उंब्रेल घाटामार्गे स्वित्झर्लंडमध्ये उतरणं सुंदरच, पण दुकानाचा मोडतोड विमा इटलीपुरताच असेल तर पलीकडचं नुकसान तुमच्या खिशातून. ईमेलवर लेखी विचारा. तोंडी "हो हो" नंतर उपयोगाचं नसतं.

२०. रेल्वेत सायकल नेता येते का?

फ्रान्सच्या प्रादेशिक टीईआर गाड्यांत बहुतेकदा फुकट, उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागतं. स्वित्झर्लंडमध्ये सायकलचं वेगळं तिकीट, शिवाय इंटरसिटी गाड्यांत २१ मार्च ते ३१ ऑक्टोबर आरक्षण सक्तीचं. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत जागा मोजक्या. सायकल टांगायची हुकं डब्याच्या दाराशी असतात, चाक वर उचलायची एकदा सवय झाली की सोपं.

२१. व्हिसा आणि विम्याचं काय?

शेंगेन व्हिसा. जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी पाय ठेवाल त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी हवाच. प्रत्यक्षात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चलाच लागा.

किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा व्हिसासाठीच लागतो. पण स्वस्तातल्या पॉलिसीत "साहसी खेळ" वगळलेले असतात. घाटातलं रोड सायकलिंग त्यात धरलंय का, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च आहे का, हे लेखी घ्या. स्वित्झर्लंडमध्ये तो खर्च हजारो फ्रँकवर जातो.

२२. टूर द फ्रान्स बघायची आहे आणि त्याच घाटात चालवायचंही आहे. दोन्ही होईल?

होईल, पण एकाच दिवशी धड दोन्ही नाही. शर्यतीच्या दिवशी घाट गाड्यांना आदल्या दिवसापासूनही बंद होऊ शकतो, सायकलींना सकाळी काही तासांपर्यंत सोडतात आणि मग पोलीस जिथे असाल तिथे उतरायला लावतात. जागा पकडायची तर पहाटे चढा, खाणं-पाणी-उबदार कपडे सोबत ठेवा, आणि शर्यत गेल्यावर उतरताना हजारो माणसं रस्त्यावर असतात हे धरून चला. भाड्याची सायकल त्या आठवड्यात ऐन वेळी मिळणं अवघड. घाट शांतपणे चालवायचा असेल तर शर्यतीनंतर दोन दिवसांनी जा. रस्त्यावर रंगवलेली नावं तेव्हाही ताजी असतात.

२३. घाटात सायकल मोडली किंवा पडलो तर?

पंक्चर आपलं आपणच काढायचं, रस्त्याकडेला दुकान नसतं. हँगर तुटला किंवा आरा गेला तर भाड्याच्या दुकानाला फोन करा. काही दुकानं गाडी पाठवतात, काही नाही, म्हणून नंबर आणि अट दोन्ही घेतानाच विचारा. दुरुस्ती परस्पर दुसरीकडे करू नका, डिपॉझिटचा वाद होतो.

पडल्यावर सगळीकडे चालणारा नंबर ११२. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव रेगाचा १४१४. जागा सांगताना घाटाचं नाव, तुम्ही कोणत्या गावाच्या बाजूला आहात ते, आणि शेवटच्या पाटीवरचा किलोमीटर किंवा वळणाचा आकडा सांगा. हेल्मेटला फटका बसला असेल तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नका, आणि ते हेल्मेट परत वापरू नका.